सुईबरोबरची चिठ्ठी

"ज्योती गात असेल तेव्हा तिची काळजी करू नकोस, रंजना. गाणं संपलं की तिच्याकडे बघ."

सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून माझ्या लेकीच्या, करुणाच्या, फ्रॉकला हूक लावत होते आणि आत गॅसवर दूध होतं. मी "हौ आई" म्हणाले आणि दूध बघायला उठले. नगरहून लग्न होऊन हैदराबादेत येऊन मला चार वर्षं झाली होती. इथल्यासारखा 'हौ' तोंडात बसला होता, पण या घरातल्या माणसांची बोलणी अजून अर्धीच कळायची. वाटलं, आजारी बाई आहेत, बिनलग्नाच्या लेकीची चिंता आहे, बोलताहेत. बारा दिवसांनी त्या गेल्या. त्यांनी सांगितलेलं बाकी सगळं मी लक्षात ठेवलं. बेगम बाजारात मिरची कुणाकडून घ्यायची, नाताळच्या करंज्यांना मोहन किती, सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, पांढऱ्या कोटाला नीळ किती थेंब. हे एवढंच वाक्य मी दुधाबरोबर उतरवून ठेवलं.

त्याला वर्ष झालं, तो पंचाण्णवचा नोव्हेंबर. रविवारी दुपारी चार वाजता घरी आईंच्या स्मरणाची प्रार्थना होती. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतलं आमचं वरच्या मजल्यावरचं घर सकाळपासून बगाऱ्या, म्हणजे मसाल्याच्या फोडणीच्या, भाताच्या वासानं भरलं होतं. खाली कापडाचं दुकान बंद, समोरच्या टीव्हीच्या दुकानात मात्र रविवारीही आठ पडद्यांवर एकच नाच चालू. माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, मंडळीतून वीस खुर्च्या आणून जिन्यात लावून ठेवल्या होत्या. मंडळी म्हणजे आमच्या चर्चमधली मराठी माणसं. तेलुगू उपासनेच्या आधी, बाजूच्या हॉलमध्ये सकाळी आठला आम्ही जमतो. पस्तीस-चाळीस डोकी. त्यात आबा शास्त्रवाचन करतात. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं. आवाज चढत नाही, उतरत नाही. सुरुवातीला मला ते वाचन ऐकताना झोप यायची. नंतर कधीतरी लक्षात आलं की बाकी सगळं विसरलं तरी आबांनी वाचलेलं माझ्या डोक्यात तसंच्या तसं राहतं.

आणि डबा. तो तर या घराचा दुसरा देव्हारा, असं माझ्या नगरच्या आत्याबाई थट्टेनं म्हणाल्या होत्या. इराणी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात आईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या वचनांच्या चिठ्ठ्या. दर रविवारी चहाच्या आधी प्रत्येकानं एक काढायची, मोठ्यानं वाचायची, परत टाकायची. थोरले दीर दिलीपभाऊजी वाचताना मुद्दाम चर्चच्या पाळकांचा आवाज काढायचे. आई त्यांच्या पाठीत चापट मारायच्या आणि मग त्यांनाच पहिली करंजी. आबा चिठ्ठी काढायचे, वाचायचे आणि चहा पिता पिता त्या वचनाच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, कुणी कुणाला सांगितलं, हे सगळं सांगायचे. "अहो, चहा थंड होतोय तुमच्या इस्राएल लोकांचा," असं आई म्हणायच्या. त्या रविवारांची मला अजून इतकी सवय आहे की बिस्किटाचा डबा उघडल्याचा आवाज आला की मी हात पुढे करते.

आई गेल्यावर डबा ज्योतीताईंच्या खोलीत गेला. कुणी विचारलं नाही. त्यांचाच होता तसा.

ज्योतीताई माझ्या नणंद. सुधीरपेक्षा मोठ्या, दिलीपभाऊजींपेक्षा धाकट्या, तेव्हा बत्तीस वर्षांच्या. पाचव्या वर्षापासून साखरेचा आजार, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. त्या पायी लग्न झालं नाही, हे घरात कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होतं. दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरमध्ये त्या स्वागतकक्षात बसायच्या. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या फिया, वेळापत्रकं, आईबापांची समजूत. त्याच इमारतीच्या सगळ्यात वरच्या हॉलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी एक नवी सभा भरायची. गिटार, तबला, टाळ्या. तेलुगू, मध्येच हिंदी. लोक डोळे मिटून हात वर करायचे आणि रडायचे. चालवणाऱ्या माणसाला सगळे नुसतं ब्रदर म्हणत.

मीही एकदा गेले होते. करुणाला न्यूमोनिया झाला होता, ती दवाखान्यातून घरी आली होती आणि मी रात्र रात्र तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. ज्योतीताई म्हणाल्या, चल. तिथं एका अनोळखी बाईनं मला काहीएक न विचारता कवेत घेतलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून माझ्या मुलीसाठी रडली. हैदराबादेत येऊन इतकी वर्षं झाली, मंडळीत सगळ्यांनी विचारलं होतं, बाळ कसं आहे? तू कशी आहेस, असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी हुंदके देऊन रडले आणि घरी येऊन सहा तास झोपले. हे मी सुधीरला सांगितलं नाही. पुढं जे केलं त्याचं हे कारण आहे, सबब नाही. दोन्हींत फरक असतो हे मी तेव्हापासून शिकते आहे.

शनिवारी सकाळी मी फ्रीज उघडला, तर दारातल्या सुयांच्या पाकिटात कालच्याइतक्याच सुया. मला मोजायची सवय आहे. औषधं, गॅसचे दिवस, करुणाच्या खोकल्याच्या उबळी, सगळं मी मोजते. मी ज्योतीताईंच्या खोलीत गेले.

"ताई, काल संध्याकाळची सुई?"

त्या पलंगावर बसून हसल्या. चेहरा असा उजळला होता की मला आईंचीच आठवण झाली. त्यांनी उशीखालून एक चिठ्ठी काढली. पिवळी पडलेली, कडा मऊ झालेल्या. आईंचं वळणदार अक्षर. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं वचन, तुझ्या जखमा मी बऱ्या करीन, अशा अर्थाचं. शाई दोन ठिकाणी पसरली होती.

"काल आईचा दिवस म्हणून सकाळी डब्यात हात घातला, तर ही आली. बघ, रडत रडत लिहिलंय तिनं. माझ्यासाठीच लिहिलंय. संध्याकाळी सभेत ब्रदर म्हणाले, आज ज्याला वचन मिळालंय त्यानं उभं राहावं. मी उभी राहिले. आणि रंजना, मी रडले गं. वर्षात पहिल्यांदा. इतकं हलकं वाटलं. पायाच्या बोटांपर्यंत ऊब गेली. मला कळलं, गेलं. आता सुई नको."

"डॉक्टरांना एकदा..."

"उद्या प्रार्थनेत साक्ष देते. सगळ्यांसमोर. तोवर तू कुणाला सांगायचं नाही. तू तरी माझ्या बाजूची राहा."

मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे. इन्सुलिन थांबलं की रक्तात काय तयार होतं हे मला सूत्रासकट माहीत होतं. पण तो उजळलेला चेहरा माहीत नव्हता. मी मनाशी हिशेब घातला, एक दिवस. एका दिवसात काय होतं? आणि खरं सांगायचं, तर मला ती कवेत घेणारी बाई खोटी ठरायला नको होती. मी म्हणाले, "नाही सांगत."

*

रविवारी उपासनेहून आल्यावर जेवायला घरचेच बसलो. पाळक आणि बाकीचे चारला येणार होते. दिलीपभाऊजी नवी मारुती घेऊन आले होते. ती गल्लीत लावण्यात त्यांचा पाऊण तास गेला आणि अर्ध्या सुलतान बाजारानं त्यांना सल्ला दिला. ते औषधाच्या कंपनीत विक्रीचं काम करतात. बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून एकटेच.

ज्योतीताईंच्या ताटात भात तसाच होता. पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतःजवळ ओढून ठेवला होता. मी दुसऱ्यांदा भरून आणला.

"आबा, आज मी साक्ष देणार आहे," त्या म्हणाल्या.

"दे की," आबा म्हणाले. "आईबद्दल?"

"मी बरी झाल्याबद्दल."

दिलीपभाऊजींनी हाडूक ताटात ठेवलं. "अगं, मग तुझ्या ब्रदरला आमच्या कंपनीत पाठव. आमचं या महिन्याचं टार्गेट काही बरं होईना."

"हस तू, दादा."

"हसत नाही. सुधीर, मी हसतोय का? मी परेशान आहे."

सुधीरनं मान वर केली नाही. घरात वाद सुरू झाला की तो भात फार नीट कालवतो. आबांनी मात्र हात धुतला. वचनावर बोलायचं असलं की ते उष्ट्या हातानं बोलत नाहीत.

"कुठलं वचन मिळालं तुला?"

ज्योतीताईंनी चिठ्ठी पुढे केली. आबांनी चष्मा लावून ती वाचली, आणि जरा जास्तच वेळ हातात धरली. मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "हे बंदिवासात गेलेल्या लोकांना सांगितलंय. एका माणसाच्या दुखण्याविषयी नाही. आणि याच अध्यायात, पाच वचनं आधी, तोच देव म्हणतो की तुझी जखम बरी होण्यातली नाही. दोन्ही एकाच तोंडचं आहे. एक उचलून दुसरं टाकता येत नाही."

"बघा!" ज्योतीताई म्हणाल्या. आवाज कोरडा येत होता, जीभ टाळूला चिकटत होती. "मला वाटलंच होतं. तुम्हाला प्रत्येक वचनाचं मागचं-पुढचं माहीत असतं, आबा. माझं मागचं-पुढचं माहीत आहे? आई गेली तेव्हा कबरीपाशी उभं राहून तुम्ही पुनरुत्थानाचा अख्खा अध्याय वाचलात. एक शब्द चुकला नाही. मी वाट बघत होते, आबा. म्हटलं, एक तरी शब्द चुकावा. एकदा तरी थांबावं. तुम्ही पुस्तक मिटलंत, कोटाची बटणं लावलीत आणि म्हणालात, चला, ऊन वाढतंय."

समोरच्या दुकानातले आठ टीव्ही एकदम जाहिरातीला लागले.

"दादा रडला नाही. सुधीर रडला नाही. तुमच्याकडे बघून कुणाची हिंमत झाली नाही. मी कुठं रडायचं होतं? तिथं रडले. तिथं देव मला भेटला."

मी त्यांच्या ताटात खट्टी दाळ वाढायला वाकले, आणि मला वास आला. त्यांच्या श्वासाचा. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा, अॅसिटोनचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा वास आला की आम्ही खिडक्या उघडायचो.

"आबा," मी म्हणाले. पळी माझ्या हातातच होती. "ताईंनी शुक्रवार संध्याकाळपासून सुई घेतलेली नाही."

ज्योतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

"तुला माहीत होतं?" सुधीर म्हणाला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी त्या आवाजात कधी बोलला नव्हता. "शुक्रवारपासून? आणि तू भात शिजवत बसलीस?"

"काल कळलं."

"काल म्हणजे काल, रंजना! चोवीस तास!"

"सुधीर, नंतर," दिलीपभाऊजी म्हणाले. ते उठून गाडीची किल्ली शोधत होते, आणि किल्ली त्यांच्याच हातात होती. "ज्यो, ऊठ. चप्पल घाल."

"मला कुणी हात लावायचा नाही." त्या उठल्या, भिंतीला टेकल्या. श्वास खोल, भराभर. "ओढून न्याल तर न्या. पण मग या घरात मी पुन्हा येणार नाही. देवावर विश्वास ठेवला म्हणून मला दवाखान्यात टाकताय, हे मी मंडळीत उभी राहून सांगेन."

दिलीपभाऊजींनी मला पुढं सांगितलं की त्या क्षणी त्यांना बहिणीचा नाही, बापाचा राग आला होता. रोज दहा डॉक्टरांपुढं ते इन्सुलिनचे फायदे पाठ म्हणतात. बहिणीला पटवायला त्यातलं एक वाक्य उपयोगाचं नव्हतं. त्यांना आठवत होतं ते दफनाहून परतताना टॅक्सीत चौघं बसल्याचं, आणि चौघांनी चार खिडक्यांतून बाहेर बघितल्याचं. ते आबांकडे वळले.

"तिचं चुकलंय. पण ती बोलली त्यात खोटं काय आहे? आबा, तुम्ही सांगा तिला. आणि हात जोडतो, वचन नका सांगू."

*

यानंतरचं मी आबांच्या बाजूनं लिहिते. त्यांनी मला ते दवाखान्याच्या बाकावर, सोमवारी पहाटेच्या चहाबरोबर सांगितलं.

ते म्हणाले, मला एकही वचन आठवेना. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कुठलाही प्रसंग आला की डोक्यात पान उघडतं, उजवीकडचं की डावीकडचं ते दिसतं. तेव्हा काहीच उघडलं नाही. दिसली ती स्टोव्हवरची अॅल्युमिनियमची पातेली आणि तिच्यात टणटण उडणारी काचेची सिरिंज. आणि हातात ही चिठ्ठी.

"खाली बस, ज्योती," ते म्हणाले. "मी वचन सांगत नाही. चिठ्ठीचं सांगतो."

"मला नको."

"ही काल-परवा डब्यात आलेली नाही. डब्यातली ही पहिली चिठ्ठी. डबा नंतर आला."

ज्योतीताई बसल्या नाहीत, पण भिंतीला धरून थांबल्या.

"अडुसष्ट साल. तू पाच वर्षांची. दवाखान्यातून घरी आणलं तुला, आणि डॉक्टर म्हणाले, आता रोज घरीच द्यायची. तेव्हा सिरिंज काचेची, सुई स्टीलची, दोन्ही रोज उकळायच्या. उकळण्याचा आवाज आला की तू पलंगाखाली जाऊन बसायचीस. मी ओढून काढायचो. तुझी आई सुई घ्यायची आणि तिचा हात थरथरायचा. दोनदा सुई वाकली. तिसऱ्या दिवशी ती सुई ठेवून मोरीत जाऊन रडत बसली. म्हणाली, माझ्याच्यानं होत नाही, पोरीला भोसकल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, काहीतरी वाच. वाचताना हात स्थिर राहतो. मला तेवढंच सुचलं. मला तेवढंच सुचतं. तिनं हे शोधलं, लिहिलं, उशीपाशी ठेवलं. ती वाचायची आणि वाचता वाचता टोचायची. 'करीन' म्हटलं की सुई. तुला कळायचंही नाही. पुढं पुढं तूच तिच्याबरोबर म्हणायला लागलीस."

"मला सुई आठवत नाही," ज्योतीताई म्हणाल्या. "मला आईचा आवाज आठवतो. नुसता आवाज. अंगावर हात आणि आवाज."

"हो. ते बरंच झालं. पण सुई होती. रोज होती. ही चिठ्ठी सुईबरोबरची आहे, सुईऐवजीची नाही."

"मग हे?" त्यांनी पसरलेल्या शाईवर बोट ठेवलं. "हे तिचं रडणं आहे."

आबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मी मनात म्हणत होते, आबा, हो म्हणा. एकदा खोटं बोला. ते म्हणाले, "हा स्पिरिटचा बोळा. इथं ठेवायची ती." मग चिठ्ठी खाली घेऊन, "आसवंही असतील. मला सांगता यायचं नाही. मी बघितलं नाही. मी तुझे पाय धरून खाली मान घालून असायचो."

ज्योतीताई हळूहळू भिंतीवरून घसरत जमिनीवर बसल्या.

"तुम्ही पाय धरायचा?"

"दुसरं कोण धरणार? तू लाथा मारायचीस. हा तुटका दात," आबांनी खालचा ओठ ओढून दाखवला, "हा तुझा आहे."

दिलीपभाऊजींच्या तोंडून हसू फुटलं आणि ते तोंड फिरवून गॅलरीत गेले. तिथं त्यांचे खांदे हलत होते. आम्ही कुणी पाहिलं नाही असं दाखवलं.

"आबा, मग शुक्रवारी मला जे झालं ते खोटं होतं का?" ज्योतीताईंचा आवाज आता फार बारीक झाला होता, डोळे मिटत होते. "ती ऊब? मी खरंच रडले, आबा."

मी सासऱ्यांना उत्तरं देताना खूपदा ऐकलं आहे. विचारणाऱ्याच्या प्रश्नाहून त्यांचं उत्तर नेहमी मोठं असतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "मी तिथं नव्हतो. खोटं कसं म्हणू? मी येतो तुझ्या सभेला. शुक्रवारी नाही जमणार, पुढच्या. बसतो. बघतो. रडेन असं सांगत नाही."

"तुम्ही? तिथं? टाळ्या वाजवतात तिथं."

"वाजवतील. मी येतो. पण आता सुई."

सुधीरनं तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. ते म्हणाले, नेहमीची सुई द्या आणि त्याच पावली घेऊन या. मी फ्रीजमधून बाटली आणली. सुईत औषध भरलं. आबा पांढऱ्या कोटासकट फरशीवर बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे वाजले. त्यांनी बत्तीस वर्षांच्या मुलीचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन घट्ट धरले. ती लाथा मारत नव्हती. तिच्यात ताकदच नव्हती. तरी त्यांनी धरले, आणि मान खाली घातली.

"वाच, ज्योती," ते म्हणाले.

"डोळ्यांपुढं दिसत नाही नीट."

मग आबांनी म्हटलं. चिठ्ठी न बघता. मंडळीत वाचतात त्याच आवाजात सुरू केलं, आणि मधल्या एका शब्दावर ते थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबले. शेवटचा शब्द ज्योतीताई म्हणाल्या. त्या शब्दावर मी सुई टोचली.

*

चार दिवस दवाखान्यात. सलाईन, तासातासाला रक्त तपासणं. पहिल्या रात्री डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस गेला असता तर मला काही करता आलं नसतं. हे वाक्य सुधीरनं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. तीन आठवडे पाहिलं नाही. त्याचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. शेवटी एके दिवशी सकाळी त्यानं माझ्या हातून चहा घेतला आणि विचारलं, "ताई म्हणाली, तूही एकदा त्या सभेला गेली होतीस. का?" मी त्याला करुणाच्या न्यूमोनियाचं, त्या बाईच्या मिठीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "तू भात कालवत होतास." आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला रडायला आलं.

त्या रविवारी चार वाजता पाळक आणि पंधरा माणसं आली, तर घराला कुलूप. त्यांनी जिन्यातल्याच खुर्च्या उघडल्या, पायऱ्या-पायऱ्यांवर मांडल्या आणि तिथंच आईंच्या नावानं दोन गीतं म्हटली, ज्योतीसाठी प्रार्थना केली. खालच्या दुकानाचा मालक वर येऊन सगळ्यांना चहा पाजून गेला. बगारा भात आम्ही तीन दिवस खाल्ला.

आणि आबा गेले. दिलसुखनगरला, सभेला. दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्यांत एक पांढरा कोट. ज्योतीताई सांगतात, पहिल्या गाण्याला ते मांडीवर हात ठेवून बसले, दुसऱ्याला त्यांचा एक अंगठा हलत होता. घरी आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

"चाली चांगल्या आहेत. शास्त्र दहा मिनिटं, तेही धावत. शुभवर्तमानातला एक प्रसंग अर्धा सोडला त्यांनी." पाणी प्यायले. "पण माणसं फार एकटी आहेत गं. आपल्याकडे आली असती तर आपण त्यांना काय दिलं असतं, याचा विचार करत आलो."

मग त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, माझ्या शेजारी एक बाई होती. भाग्यम्मा. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा, डाव्या भुवईवर पडल्याचा व्रण. त्याला फिट येतात. ब्रदर म्हणाले, ज्याचा विश्वास आहे त्यानं आपलं ओझं पुढं आणून ठेवावं. बाईंनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि पुढच्या टोपलीत टाकून आल्या. आबांनी त्यांच्या मोडक्या तेलुगूत सांगून पाहिलं की अम्मा, प्रार्थना कर, गोळीपण दे. ती हसली. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाली, "अय्या, तुम्ही इथं नवे आहात." आणि गाणं सुरू झालं.

पुढच्या शुक्रवारी आबा आणि ज्योतीताई फक्त तिला शोधायला गेले. हॉलला कुलूप नव्हतं, उलट झगझगीत दिवे होते, ओळीनं संगणक मांडले होते आणि पोरं खाली मान घालून टकटक करत होती. कोचिंगवाल्यांनी जागा कॉम्प्युटर क्लासला जास्त भाड्यानं दिली होती. वॉचमन म्हणाला, "वो लोगां खाली कर दिये साब. किधर गये, किसकू मालूम." ज्योतीताईंनी ओळखीच्या चौघा-पाचजणांना विचारलं. कुणी म्हणे नागोलकडे गेली सभा, कुणी म्हणे बंदच पडली. भाग्यम्माचं घर कुणालाच माहीत नव्हतं. एवढं कळलं की ती दिलसुखनगरच्या बसस्टँडमागं कुठंतरी राहायची आणि शिवणकाम करायची.

आबा पाच महिने शुक्रवारी त्या गल्ल्यांतून फिरले. मग गुडघ्यांनी नकार दिला. ज्योतीताई अजून फिरतात, कामावरून सुटल्यावर. त्या आता मराठी मंडळीत गाणी बसवतात, रडू आलं तर रडतात, सुई घेतात. गाणं संपलं की मी त्यांच्याकडे बघते. मी करुणाला शाळेत सोडून दोनदा गेले. एकदा शिवणयंत्राचा आवाज आला म्हणून चुकीचं दार वाजवलं.

हे लिहितेय ते सत्त्याण्णव साल. मुलगा आता नऊ-दहा वर्षांचा असेल. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा तुमचं कुणी तिथं शिकायला, नोकरीला असेल, तर बसस्टँडमागच्या गल्ल्यांत शिवणारी भाग्यम्मा कुठं राहते ते विचारा. जाऊन या. देवाविषयी वाद घालू नका, तिच्या सभेला नावं ठेवू नका. पाणी मागा, जरा बसा, ती कशी आहे ते तिला विचारा, आणि तिचं बोलून होऊ द्या. मग मुलाला हाक मारायला सांगा. तो बाहेर येतो का, तेवढं बघा आणि मला कळवा.